योगशिक्षक हा व्यवसाय घडला कसा? मावळात रुजलेल्या एका कारकिर्दीचा इतिहास

१/
मावळ तालुक्यातील सुदुंबरे आज दोन कारणांनी ओळखले जाते. एक, संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी. दुसरे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ. याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, बोरघाटाच्या माथ्यावर लोणावळा वसले आहे. तेथे १९२४ साली एका माजी प्राचार्याने क्ष-किरण यंत्र, दाबमापक आणि हठयोगाच्या पोथ्या एका छपराखाली आणल्या. आज ‘योगशिक्षक’, ‘योगोपचारक’, ‘वेलनेस कोच’ या नावांनी जी कारकीर्द ओळखली जाते, तिच्या पायाचे बरेच दगड तेथे घडले. त्या घडणीचा हा सविस्तर थ्रेड.

२/
सुदुंबऱ्यापासून आरंभ करण्यास कारण आहे. संताजी जगनाडे हे तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबांच्या मुखातून आलेले अभंग त्यांनी लिहून ठेवले, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. संताजींची पालखी आजही सुदुंबऱ्याहून पंढरपूरला जाते. कीर्तनात, गाण्यात, पाठांतरात जगणारे ज्ञान कागदावर उतरले की ते गुरूच्या अंगणापलीकडे जाते. मग ते कोणीही वाचू शकतो, ताडून पाहू शकतो. मावळाने ही गोष्ट सतराव्या शतकात अनुभवली होती. विसाव्या शतकात योगाच्या बाबतीत असेच एक स्थित्यंतर घडले, आणि तेही इंद्रायणीच्याच खोऱ्यात.

३/
प्रथम जुनी स्थिती पाहू. हठयोगाचे मध्ययुगीन ग्रंथ ही विद्या गुप्त राखण्यास सांगतात. ती गुरूने पारखून घेतलेल्या शिष्यालाच मिळे. नाथपंथी, दशनामी संन्यासी, काही गृहस्थ साधक अशा मोजक्या वर्तुळांत तिचा वावर होता. ठरावीक वेळ नाही, अभ्यासक्रम नाही, शुल्क नाही, प्रमाणपत्र नाही. शिष्य गुरूजवळ राहून सेवा करी आणि गुरूची मर्जी झाली की एखादी क्रिया शिकायला मिळे. ‘योग शिकवून उदरनिर्वाह’ ही कल्पनाच त्या व्यवस्थेला परकी होती.

४/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुशिक्षित हिंदू समाजाचेही हठयोगाविषयी मत फारसे अनुकूल नव्हते. स्वामी विवेकानंदांचे ‘राजयोग’ १८९६ साली प्रसिद्ध झाले. त्यात ध्यान आणि मनोनिग्रह यांना मानाचे स्थान आहे. शरीराच्या कसरतीवर भर देणाऱ्या हठयोगाला मात्र त्यांनी दूरच ठेवले. रस्त्यावर काट्यांच्या शय्येवर निजणारा ‘जोगी’ हे त्या काळच्या इंग्रजी वृत्तपत्रांचे आवडते चित्र होते. अशा विषयाचा सन्माननीय शिक्षक होणे म्हणजे आधी त्या विषयाची प्रतिष्ठाच नव्याने उभी करणे होते.

५/
ही प्रतिष्ठा उभी करणारे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. जन्म ३० ऑगस्ट १८८३, बडोदे संस्थानातील डभोई येथे. बालपण हलाखीचे, कुटुंबाला दुसऱ्यांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागे. तरीही १९०३ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे बडोदे महाविद्यालयात शिक्षण झाले. तेथे त्या काळी अरविंद घोष शिकवीत असत. गुण्यांच्या मनावर अरविंदांचा आणि लोकमान्य टिळकांचा प्रभाव पडला.

६/
त्यांच्या घडणीतील दुसरे सूत्र मातीचे. १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत प्रा. माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. तालीम म्हटली की वस्ताद आणि त्याचे चार पठ्ठे, एवढेच चित्र तोवर होते. माणिकरावांनी त्यात शिस्तबद्ध समूह, हुकूम आणि क्रमवार शिक्षण आणले. एकाच वेळी अनेकांना शिकवायचे तर कृतीचे टप्पे पाडावे लागतात, प्रत्येक टप्प्याला नाव द्यावे लागते, शिक्षकाला सर्वांकडे लक्ष ठेवावे लागते. हे कौशल्य पुढे योगाच्या वर्गात फार उपयोगी पडले.

७/
तिसरे सूत्र अंमळनेरचे. गुणे खान्देश एज्युकेशन सोसायटीत अध्यापक झाले आणि १९१६ मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य. राष्ट्रवादी वृत्तीमुळे हे महाविद्यालय ब्रिटिश सरकारच्या डोळ्यांत खुपत होते. १९२० मध्ये ते बंद पडले. म्हणजे योगाकडे पूर्ण वेळ वळण्यापूर्वी गुण्यांनी वर्ग घेणे, संस्था चालवणे, अभ्यासक्रम आखणे ही कामे वर्षानुवर्षे केलेली होती. योगशिक्षक होण्यापूर्वी ते शिक्षक होते. या व्यवसायाच्या इतिहासात ही बाब निर्णायक ठरली.

८/
चौथे सूत्र नर्मदातीरीचे. १९१९ मध्ये गुण्यांची भेट मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याशी झाली. हे वृद्ध बंगाली संन्यासी हठयोगाच्या क्रियांत निष्णात होते. विशेष म्हणजे त्यांच्या आणखी एका तरुण शिष्यानेही याच सुमारास योगाला आश्रमाबाहेर काढण्याचा ध्यास घेतला होता. तो शिष्य म्हणजे मणिभाई हरिभाई देसाई, पुढे श्रीयोगेंद्र या नावाने प्रसिद्ध झालेले. एकाच गुरूचे हे दोन शिष्य, आणि आधुनिक योगशिक्षणाच्या दोन वाटा.

९/
योगेंद्र हे गृहस्थ राहिले. २५ डिसेंबर १९१८ रोजी मुंबईत वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या निवासस्थानी, त्यांनी ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. सामान्य संसारी माणसाला घर-नोकरी सांभाळून करता येईल असा योग शिकवणे हा त्यांचा हेतू. लवकरच ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कजवळ बेअर माउंटन येथे त्यांनी केंद्र काढले. परंतु १९२४ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने आशियाई लोकांना तेथे स्थायिक होणे जवळजवळ अशक्य करून टाकले. योगशिक्षकाच्या परदेशी कारकिर्दीपुढचा व्हिसाचा अडसर इतका जुना आहे.

१०/
योगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी यांचा उल्लेख या इतिहासात अनेकदा राहून जातो. स्त्रियांना हठयोग शिकवावा की नाही यावरच वाद असलेल्या काळात त्यांनी प्रत्यक्ष शिकवले. १९३४ मध्ये त्यांचे स्त्रियांसाठीच्या योगशिक्षणावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. एका स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेल्या योगविषयक पुस्तकांपैकी ते अगदी आरंभीचे. आज शहरांतील योगवर्गात शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात. त्या वाटेवरचे पहिले पाऊल ९० वर्षांपूर्वीचे आहे.

११/
आता पुन्हा गुण्यांकडे. गुरूकडून शिकलेल्या क्रिया शरीरात नेमके काय घडवतात, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचे क्ष-किरणांच्या साहाय्याने निरीक्षण केले. नौली करताना मोठ्या आतड्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांना मोजता आले. बस्तीच्या क्रियेत साधक पाणी आत कसे ओढून घेतो, याचे उत्तर त्यात होते. या पोकळीला त्यांनी गुरूचे नाव दिले: ‘माधवदास व्हॅक्यूम’.

१२/
हे नाव बोलके आहे. ज्या विद्येला ‘गुप्त ठेवावी’ असा दंडक होता, तिची चित्रे, आकडे आणि आलेख आता छापले जाणार होते. आणि त्या शोधाला गुरूचेच नाव लाभणार होते. गुरुनिष्ठा आणि प्रयोगशाळा यांत निवड करण्याची वेळ कुवलयानंदांनी स्वतःवर येऊ दिली नाही. मात्र त्यामुळे अधिकाराचे केंद्र हलले. एखादी क्रिया योग्य का, या प्रश्नाला ‘गुरूंनी सांगितले म्हणून’ याच्या जोडीला ‘मोजून पाहिले म्हणून’ हेही उत्तर उभे राहिले.

१३/
ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला ‘कैवल्यधाम’ची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू झाले. स्थळाची निवड पाहण्याजोगी आहे. घाटमाथ्याची थंड हवा, एकांत. आणि तरीही मुंबई-पुणे लोहमार्गावरचे स्थानक. मुंबईचा व्यापारी, वकील वा डॉक्टर गाडीत बसून येऊ शकत होता. हिमालयातील गुहेच्या मानाने ही जागा आश्रयदात्यांच्या, रुग्णांच्या आणि विद्यार्थ्यांच्या आवाक्यातली होती.

१४/
‘योगमीमांसे’च्या जुन्या अंकांत दोन प्रकारचा मजकूर शेजारी-शेजारी दिसतो. एकीकडे प्रयोगांचे अहवाल. दुसरीकडे आसनांची छायाचित्रे, कृती आणि काळजी. शिवाय तेथे सर्वसामान्य प्रकृतीच्या माणसासाठी योगव्यायामाचा ‘पूर्ण’ आणि ‘संक्षिप्त’ असे अभ्यासक्रम आखून दिलेले आहेत: कोणते आसन आधी, कोणते नंतर, किती वेळ, हळूहळू किती वाढवायचे. आज कोणत्याही योगवर्गात जे ‘सत्राचे नियोजन’ दिसते, त्याचा एक मूळ नमुना हा. १९३१ मध्ये त्यांची ‘आसन’ आणि ‘प्राणायाम’ ही पुस्तके आली आणि हा क्रम घरोघर पोहोचण्याची सोय झाली.

१५/
या संशोधनातील एक गोष्ट आजच्या प्रत्येक योगशिक्षकाने लक्षात ठेवावी अशी आहे. प्राणायामाने शरीराला खूप जास्त ऑक्सिजन मिळतो, ही समजूत तेव्हाही होती. कुवलयानंदांनी श्वासातील वायूंचे पृथक्करण केले आणि प्राणायामाचे मोल जादा ऑक्सिजनमध्ये शोधू नये, असे स्पष्टपणे मांडले. स्वतःच्या विषयाची जाहिरात करण्यास अत्यंत सोयीचा असलेला दावा त्यांनी स्वतःच्या प्रयोगानंतर सोडून दिला. त्यानंतर जवळपास शतक लोटले. तरीही ‘भरपूर ऑक्सिजन’ हे वाक्य योगवर्गांत आजही ऐकू येते.

१६/
लोणावळ्याची कीर्ती लवकरच समुद्रापार गेली. येल विद्यापीठाचा संशोधक कोवूर बेहनन १९३० च्या दशकाच्या आरंभी येथे येऊन शिकला. १९३७ मध्ये त्याचे योगाच्या वैज्ञानिक मूल्यमापनावरील पुस्तक आले. प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बौद्धिक चाचण्यांत वेग मंदावतो, हेही त्याने त्यात नोंदवले. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील संशोधक यंत्रे घेऊन लोणावळ्यासह भारतभर फिरले. ‘हृदय थांबवणाऱ्या’ योग्यांचे हृदय प्रत्यक्षात थांबत नाही, केवळ ठोके ऐकू येईनासे होतात, असा त्यांचा निष्कर्ष १९६१ मध्ये छापून आला.

१७/
आता मुख्य प्रश्नाकडे: शिकवणारा कोठून येतो? १९२० आणि ३० च्या दशकांत महाराष्ट्रात शारीरिक शिक्षणाची मोठी लाट होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत होते. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. औंधचे पंतप्रतिनिधी भवानराव यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. गुलामीत खचलेली शरीरे पुन्हा उभी करणे हे राष्ट्रकार्य मानले जात होते. योगाला शाळेचे दार उघडले ते याच लाटेवर.

१८/
कुवलयानंदांनी ही संधी ओळखली. १९३० च्या दशकात संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील, शिक्षकांच्या मोठ्या तुकड्यांना त्यांनी योगाचे प्रशिक्षण दिले. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. त्या वेळी नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे होते. १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. शाळेच्या वेळापत्रकात तास, त्या तासासाठी शिक्षक, शिक्षकासाठी पदविका, पदविकेसाठी महाविद्यालय: एखादा व्यवसाय उभा राहण्याची साखळी ही अशी असते.

१९/
दुसरी साखळी आरोग्याची. १९२७ मध्ये महात्मा गांधींची प्रकृती रक्तदाबाने ढासळली तेव्हा त्यांनी कुवलयानंदांशी आसनांविषयी पत्रव्यवहार केला. १९३२ मध्ये कैवल्यधामाची मुंबई शाखा निघाली. पुढे १९३६ मध्ये ती चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर स्थिरावली. ‘ईश्वरदास चुनीलाल योगिक हेल्थ सेंटर’ हे तिचे नावच नव्या नात्याची साक्ष देते: देणगीदार, आरोग्य आणि केंद्र. कार्यालयात जाण्यापूर्वी तासभर येऊन योग करून जाणारा मुंबईकर हा नवा ‘साधक’ होता. तो शिष्य नव्हता. पुढे ज्याला ‘क्लायंट’ म्हणू लागले, त्याचा तो पूर्वज म्हणता येईल.

२०/
स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमारास, लोणावळ्यात गोरधनदास सेक्सरिया योग व सांस्कृतिक समन्वय महाविद्यालय उभे राहिले. योगशिक्षक घडवण्यासाठीच काढलेल्या जगातील सर्वांत जुन्या महाविद्यालयांत त्याची गणना होते. ‘सांस्कृतिक समन्वय’ हे शब्द शोभेचे नव्हते. निःस्वार्थ सेवेसाठी तरुणांना आध्यात्मिक आणि बौद्धिक दृष्ट्या तयार करणे हा त्याचा घोषित हेतू होता. अभ्यासक्रमात पातंजल योगसूत्रे आणि हठग्रंथ यांच्या जोडीला शरीररचना, शरीरक्रिया आणि अध्यापनशास्त्र आले. पुढे येथे शैक्षणिक वर्षभराची योगशिक्षण पदविका रूढ झाली.

२१/
येथे या इतिहासातील खरा ताण दिसतो. सेवेसाठी काढलेले महाविद्यालय पदविका देऊ लागले की पदविका घेणारा विचारणारच: नोकरी कोठे? पगार किती? यावर महाराष्ट्रात दोन उत्तरे शेजारी नांदली. नागपूरच्या जनार्दनस्वामींनी विदर्भात घरोघर योग नेला तो विनामूल्य. त्यांच्या योगाभ्यासी मंडळाचे वर्ग त्याच तत्त्वावर चालत आले. ठाण्याचे घंटाळी मित्रमंडळ, मुंबईचे योगविद्या निकेतन यांनीही स्वयंसेवी शिक्षकांच्या बळावर हजारोंना शिकवले. ज्ञान विकू नये, ही भावना मराठी मध्यमवर्गात खोल आहे.

२२/
परंतु विनामूल्य शिकवणे बहुधा त्यालाच परवडते ज्याची चूल दुसऱ्या मिळकतीवर पेटते. बँकेतील, शाळेतील, सरकारी कार्यालयातील नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ वर्ग घेणारा कार्यकर्ता हा या चळवळीचा कणा होता. ज्याला योग हेच पूर्ण वेळ काम करायचे होते, त्याची परवड वेगळीच. तिचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्यात सापडते.

२३/
१९३७ मध्ये म्हैसूरचे योगाचार्य कृष्णम्माचार्य यांनी आपल्या अठरा वर्षांच्या मेहुण्याला पुण्यास धाडले. डेक्कन जिमखान्यावर सहा महिने योग शिकवण्याचे काम होते. बेळ्ळूरचा हा कृश मुलगा म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. मराठी येत नव्हते, इंग्रजी तोडकेमोडके; विद्यार्थी वयाने आणि शिक्षणाने मोठे. जिमखान्याचे काम सुटल्यावर शिकवण्या शोधत सायकलवरून पुणे पालथे घालणे आणि अनेकदा अर्धपोटी राहणे नशिबी आले. ज्या शहराने त्यांना पुढे डोक्यावर घेतले, त्याच शहराने आरंभीची वर्षे त्यांना ‘शरीर वाकवणारा मद्राशी’ याहून फारसे मोठे मानले नाही.

२४/
१९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्याशी त्यांची भेट झाली आणि १९५४ पासून युरोपची दारे उघडली. १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योगा’ प्रसिद्ध झाले. सुमारे सहाशे छायाचित्रे, प्रत्येक आसनाची कृती आणि परिणाम. योगायोग असा की त्याच वर्षी १८ एप्रिलला स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. १९७५ मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उघडली. पुढे त्यांची कन्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांच्या आरोग्यासाठीच्या योगाला स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले.

२५/
याच काळात प्रमाणपत्राचे राजकारण सुरू झाले. १९७० च्या सुमारास लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने प्रौढ शिक्षण वर्गांत योगाला मान्यता दिली. त्यात दोन मुद्दे होते: शिकवायचे ते शारीरिक अंगाने, धर्म-तत्त्वज्ञान बाजूला, आणि शिकवणाऱ्याला अय्यंगारांची मान्यता हवी. म्हणजे पुण्यातील एका गुरूची संमती लंडनमधील नोकरीची पात्रता ठरली. ‘कोणाचा शिष्य?’ या जुन्या प्रश्नाचे ‘कोणते सर्टिफिकेट?’ या नव्या प्रश्नात रूपांतर झाले ते असे.

२६/
‘वेलनेस’ हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. अमेरिकेतील डॉक्टर हॅल्बर्ट डन यांनी १९६१ मध्ये ‘हाय-लेव्हल वेलनेस’ ही कल्पना मांडली: रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, त्यापुढेही चांगल्या जगण्याच्या पायऱ्या असतात. १९७५ मध्ये जॉन ट्रॅव्हिस यांनी कॅलिफोर्नियात वेलनेस केंद्र काढले. पुढे त्यात आहार, व्यायाम, झोप, ताणनियोजन आणि योग हे सारे मिसळले. ‘वेलनेस कोच’ ही पदवी त्या मिश्रणातून जन्मली. १९९९ मध्ये अमेरिकेत ‘योगा अलायन्स’ ही संघटना स्थापन झाली आणि तिने प्रचलित केलेले २०० तासांचे प्रशिक्षण जगभर नाण्यासारखे चालू लागले.

२७/
२०० तास म्हणजे किती? रोज आठ तास धरले तर पंचवीस दिवस. लोणावळ्याच्या जुन्या पदविकेचे शैक्षणिक वर्ष आणि हे पंचवीस दिवस यांतील अंतर केवळ काळाचे नाही. वर्षभरात विद्यार्थी आजारी पडतो, कंटाळतो, त्याचे शरीर पावसाळ्यात आणि थंडीत निरनिराळे वागते, वर्गातील दुसऱ्याची पाठ दुखते आणि त्यावर काय करावे हे त्याला डोळ्यांनी पाहायला मिळते. महिन्याच्या अभ्यासक्रमात कृती शिकता येते. माणसे पाहण्याला अवधी लागतो. मात्र घर चालवणाऱ्या तरुणाला वर्षभर कमाई सोडून बसणे परवडत नाही, हेही तितकेच खरे.

२८/
भारतात शासनाने या क्षेत्रात उशिरा पण वेगाने पावले टाकली. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वतंत्र आयुष मंत्रालय झाले. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांनी १७७ देशांच्या सहप्रस्तावाने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन ठरवला. २०१५ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने योग व्यावसायिकांसाठी ऐच्छिक प्रमाणन योजना आणली. २०१८ मध्ये योग प्रमाणन मंडळ आले. आज ‘योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर’, ‘योग वेलनेस इन्स्ट्रक्टर’, ‘योग टीचर अँड इव्हॅल्युएटर’, ‘योग मास्टर’ अशा पायऱ्या आहेत. विद्यापीठीय अध्यापनासाठी ‘नेट’ परीक्षेतही योग हा विषय आहे.

२९/
म्हणजे मावळातील एखाद्या मुलीने आज योगशिक्षिका व्हायचे ठरवले तर वाट दिसते: प्रमाणपत्र, पदविका, पदव्युत्तर शिक्षण, मंडळाची परीक्षा, पुढे शाळा, रुग्णालय, कंपनी, लोणावळ्यातील रिसॉर्ट, ऑनलाइन वर्ग किंवा संशोधन. पण या वाटेवर एक मोकळी जागा आहे. २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा आहेत. योग आणि निसर्गोपचार नाहीत. योगाचे प्रमाणन ऐच्छिक आहे. ‘वेलनेस कोच’ अशी पाटी लावण्यासाठी तर कोणत्याही वैधानिक नोंदणीची अट नाही.

३०/
या मोकळ्या जागेत काय शिरते, हे सर्वांना ठाऊक आहे: मधुमेह ‘मुळापासून’ घालवण्याची हमी, आठ दिवसांत थायरॉईड बरा करण्याची जाहिरात. ठरावीक आजारांवरील जादूई उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. पण मोबाईलच्या पडद्यावरील प्रत्येक दाव्यामागे कायदा धावू शकत नाही. गोळी बंद केलेल्या रुग्णाला त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून शिक्षकाचा स्वतःचा विवेक हीच येथे पहिली चाळणी उरते.

३१/
शतकापूर्वी लोणावळ्यात हा विवेक कसा दिसत होता, ते वर आलेच आहे. दावा करण्यापूर्वी मोजणे. मोजल्यावर सोयीचा दावा चुकीचा निघाला तर तो सोडणे. आणि जे कळले ते छापून सर्वांपुढे ठेवणे. कैवल्यधामाने पोथ्यांच्या बाबतीतही हाच मार्ग धरला. १९७० मध्ये स्वामी दिगंबरजी आणि रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादित केलेली ‘हठप्रदीपिका’ येथून प्रसिद्ध झाली. वेगवेगळ्या हस्तलिखितांतील पाठभेद ताडून संहिता ठरवणे हे चिकाटीचे काम. त्यामुळे ‘शास्त्रात असे लिहिले आहे’ म्हणणाऱ्याला ‘नेमके कोठे?’ असे विचारता येऊ लागले.

३२/
हा इतिहास योगाचे प्राचीनत्व नाकारत नाही. साधना प्राचीन आहे. तिचा पगारी, प्रशिक्षित, प्रमाणित शिक्षक मात्र साधारण शंभर वर्षांचा आहे. तो संन्याशाच्या कुटीतून, बडोद्याच्या तालमीतून, अंमळनेरच्या वर्गखोलीतून आणि क्ष-किरणांच्या खोलीतून मिळून घडला. त्यामुळे त्याच्यावर तीन ऋणे आहेत: गुरूचे, विद्यार्थ्याचे आणि पुराव्याचे. यांपैकी एखादे बुडवले तर त्याचा भुर्दंड समोर चटईवर बसलेल्या माणसाला पडतो.

३३/
योगवर्ग निवडणाऱ्याने, आणि योगशिक्षक होऊ पाहणाऱ्यानेही, काही साधे प्रश्न विचारावेत. प्रशिक्षण कोठे आणि किती काळ झाले? स्वतःच्या देखरेखीखाली शिकवण्याचा सराव झाला होता का? विद्यार्थ्याचे आजार आधी विचारले जातात का? डॉक्टरांचे औषध बंद करण्याचा सल्ला दिला जातो का? आणि ज्या फायद्याचा दावा होतो आहे, तो कोणी, कसा तपासला? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. लोणावळ्याच्या त्या प्राचार्याने आपल्या गुरूच्या क्रियेलाही असेच प्रश्न विचारले होते.

३४/
पुढच्या वेळी मावळात जाणे झाले तर किल्ले आणि धबधब्यांसोबत दोन ठिकाणे जोडून पाहावीत. सुदुंबऱ्याची समाधी आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम. ‘योगमीमांसा’ आजही प्रसिद्ध होते. तिचे १९२० च्या दशकातील अंक इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या प्रतीचे साधन आहेत. आपल्या गावातील तालीम, व्यायामशाळा किंवा जुना योगवर्ग यांची कागदपत्रे, छायाचित्रे, जमाखर्चाच्या वह्या कोणाकडे असतील तर त्या जपाव्यात. मोठ्या संस्थांचा इतिहास लिहिला गेला आहे. पहाटे सतरंजी अंथरून शिकवणाऱ्या अनाम शिक्षकांचा इतिहास अजून त्या वह्यांतच पडून आहे.

(थ्रेड समाप्त)